वजनाची नोंद आणि कुमारवयीन मुलांचे अन्न

प्रतिवर्षी शाळेत विद्यार्थ्यांची उंची व वजन घेऊन ती आरोग्यपत्रकावर लिहिण्याचा प्रघात आहे. बहुतेक शाळांत हे काम अर्ध्या दिवसात उरकते. वजनकाटा व्हरांड्यात मांडला जातो, वर्ग रांगेत उभा राहतो, एक शिक्षक आकडा मोठ्याने सांगतो व दुसरा लिहून घेतो. पहिली-दुसरीच्या मुलांना ह्यात गंमतच वाटते. परंतु सहावी, सातवी व आठवीच्या रांगेकडे थोडे लक्षपूर्वक पाहिले तर वेगळे दृश्य दिसते. एखादी मुलगी रांगेत मागे मागे सरकत राहते, एखादा मुलगा नेमका त्याच दिवशी गैरहजर असतो, कोणाचा आकडा ऐकून मागे खसखस पिकते. ज्याच्या आकड्यावर ती पिकते, त्या मुलाच्या मनात तो आकडा पुढे कित्येक दिवस घर करून राहतो. आरोग्यपत्रकावर ह्याची नोंद होत नाही आणि तशी जागाही त्यावर नसते.

खेड्यातील शिक्षकाला कृश मूल दिसले की त्याचे मन स्वाभाविकपणेच त्या घरच्या परिस्थितीकडे जाते, आणि पुष्कळदा ते बरोबरही असते. २०१६ ते २०१८ ह्या काळात झालेल्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे २४ टक्के कृश आढळली, तर प्रमाणाबाहेर वजन असलेली सुमारे ५ टक्के होती. तेव्हा अन्न कमी पडल्याने येणारी कृशता हाच आपला मोठा प्रश्न आहे, ह्यात शंका नाही. पण घरात अन्न आहे, ताटात वाढले जाते आहे, शाळेतही शिजते आहे, आणि तरीही मूल ते टाळते, लपविते, अन्नाला भिते किंवा खाऊन झाल्यावर स्वतःला शिक्षा करून घेते, अशीही एक कृशता आहे. तिला हट्ट, थेरे, नखरा अशी नावे देऊन आपण मोकळे होतो. वैद्यकशास्त्र तिला आजार म्हणते. मनाच्या आजारांपैकी ज्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत अधिक असते, अशा थोड्या आजारांत त्याची गणना होते.

हा आजार नेमका ह्याच वयात का डोके वर काढतो, हे समजण्यासाठी कुमारवयातील शरीराकडे पाहावयास हवे. प्रौढपणीच्या वजनापैकी जवळजवळ अर्धे वजन माणूस ह्या काही वर्षांत मिळवितो. मुलींची उंची साधारणतः अकराव्या-बाराव्या वर्षी झपाट्याने वाढते, मुलांची त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. मुलींच्या अंगावर ह्या काळात चरबी वाढते ती निसर्गाच्या योजनेनुसारच होय. मासिक पाळी सुरू होऊन नियमित चालण्यासाठी तिची आवश्यकता असते. हाडांतील चुन्याचा साठाही बहुतांशी ह्याच काळात भरला जातो व तो पुढे जन्मभर पुरवावा लागतो. म्हणजे ज्या वर्षांत शरीराला सर्वाधिक अन्न हवे असते, नेमक्या त्याच वर्षांत मूल आरशासमोर अधिक वेळ उभे राहू लागते. एकाच बाकावरच्या दोन मैत्रिणींपैकी एक अजून बालिका दिसते व दुसरी बाईमाणसासारखी. आणि दोघीही आपापल्या जागी लाजतात.

ह्या आजाराचे वर्णन जुने आहे. लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन ह्यांनी १६८९ मध्ये क्षयावरील आपल्या ग्रंथात दोन रुग्णांची हकिकत दिली. एक अठरा वर्षांची मुलगी, दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. दोघेही झिजत चालले होते. पण ताप नाही, खोकला नाही. ह्या झिजण्याचे मूळ मनात आहे असे मॉर्टन ह्यांनी लिहिले. मुलीने पुढे औषध नाकारले व ती दगावली. मुलाला त्यांनी अभ्यास सोडून मोकळ्या हवेच्या गावी जावयास व दूध घ्यावयास सांगितले. तो पुष्कळ सुधारला. पुढे १८७३ मध्ये पॅरिसचे लासेग व लंडनचे सर विल्यम गल ह्यांनी स्वतंत्रपणे ह्याच अवस्थेचे वर्णन केले, आणि गल ह्यांनी दिलेले ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव आज रूढ आहे. नावाचा शब्दशः अर्थ भूक नसणे असा होतो, व तो फसवा आहे. भूक असते, बहुधा फार असते. मूल तिच्याशी झगडत असते. दुसऱ्या एका प्रकारात मूल अधूनमधून आवर न राहून पुष्कळ खाते व मग घाबरून ते उलटून टाकते. त्याला जेराल्ड रसेल ह्यांनी १९७९ मध्ये ‘बुलिमिया नर्व्होसा’ असे नाव दिले. ह्या दुसऱ्या प्रकारात वजन पुष्कळदा साधारणच राहते, म्हणून तो वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. मॉर्टन ह्यांच्या दोन रुग्णांपैकी एक मुलगा होता, हेही आपण विसरू नये.

शिक्षकाला ह्या विषयात सर्वांत उपयोगी पडेल अशी माहिती एका निराळ्याच ठिकाणाहून मिळते. दुसरे महायुद्ध संपत आले असता युरोपातील उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हा प्रश्न उभा राहिला. त्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज ह्यांनी १९४४ च्या अखेरीस एक प्रयोग सुरू केला. शस्त्र धरण्यास तत्त्वतः नकार देणारे ३६ तरुण आपण होऊन त्यात सहभागी झाले. ते शरीराने व मनाने धडधाकट आहेत, हे आधी नीट पारखून घेतले होते. चोवीस आठवडे त्यांना नेहमीच्या आहाराच्या सुमारे निम्मेच अन्न दिले गेले व त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. शरीर थंड पडले, नाडी मंद झाली, पायांवर सूज आली, हे अपेक्षितच होते. परंतु त्यांची मनेही बदलली. पूर्वीचे हसरे, मिळून-मिसळून राहणारे तरुण चिडखोर व एकलकोंडे झाले. बोलणे अन्नाविषयी, स्वप्ने अन्नाची. ज्यांनी कधी चुलीकडे पाहिले नव्हते ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले. ताटातील घासभर अन्न ते तासभर चिवडीत बसत, भलतेच पदार्थ एकमेकांत कालवीत. आणि पुन्हा पुरेसे अन्न मिळू लागल्यावर त्यांतील काही जण पोट भरूनही थांबू शकत नव्हते.

ह्या तरुणांना कोणताही मनोविकार नव्हता. उपासमारीनेच त्यांच्या मनाची ही अवस्था केली होती. एखादी मुलगी घरच्यांसाठी हौसेने स्वयंपाक करते, सर्वांना आग्रहाने वाढते, स्वतः मात्र भाकरीचे कण करीत बसते, उन्हाळ्यातही अंगावर स्वेटर घालते, मैत्रिणींत मिसळेनाशी होते, तेव्हा तो तिचा स्वभाव नसून शरीराच्या उपासमारीचा मनावरील परिणाम असू शकतो. अशा मुलीला समजुतीच्या चार गोष्टी सांगून विशेष उपयोग होत नाही. ज्या मनाने त्या ऐकावयाच्या, तेच मन उपाशी असते. आधी अन्न पोटात जावयास हवे, मग विचार ताळ्यावर येतात. हा क्रम उलटा करता येत नाही.

“हे सारे शहरातील श्रीमंतांचे चोचले,” असे कोणी म्हणेल. ह्या समजुतीला फिजी बेटांतील एका अभ्यासाने मोठा धक्का दिला. तेथील मूळ रहिवाशांत पुष्ट शरीर हे सुखवस्तूपणाचे लक्षण मानले जाई आणि कोणी वाळू लागले की घरच्यांना चिंता वाटे. नाद्रोगा ह्या भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. ॲन बेकर ह्या अमेरिकन संशोधिकेने त्याच वेळी व पुन्हा १९९८ मध्ये तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी उलटी काढतो असे सांगणारी एकही मुलगी पहिल्या खेपेस नव्हती. तीन वर्षांनी ११.३ टक्के मुलींनी तसे सांगितले. पाहणी लहान होती, दोन्ही वेळच्या मुली निराळ्या होत्या, म्हणून तिच्यावर सगळा इमला रचू नये. तरीही खेड्यात जुनी चालरीत आहे, तेव्हा मुले सुरक्षित आहेत, असे मात्र आता म्हणता येत नाही. नाद्रोग्यात घरात एक पेटी आली होती. आपल्याकडे ती प्रत्येकाच्या खिशात आली आहे, आणि तिच्यातील चेहरे व शरीरे पुष्कळदा यंत्राने घडविलेली असतात.

आपल्या गावात हा आजार येतो तो आपल्याच वेशात येतो. “मी जाड आहे” असे मूल म्हणेलच असे नाही. भारतातील मानसोपचारतज्ज्ञांनी पूर्वीपासून नोंदविले आहे की, आपल्याकडील कित्येक रुग्ण वजनाचे नावही काढीत नाहीत. पोट दुखते, जेवल्यावर गच्च वाटते, मळमळते, घास उतरत नाही, असेच सांगतात. दुसरा वेश उपवासाचा. येथे सावधपणे लिहावयास हवे, कारण व्रतवैकल्ये हा घराघराच्या श्रद्धेचा भाग आहे व त्यावर टीका करणे हा ह्या लेखाचा उद्देश नाही. साध्या निरोगी मुलीचा उपवास ओळखणे सोपे असते. ती घरच्यांबरोबर उपवास धरते, साबुदाण्याच्या खिचडीची वाट पाहते, भगर व दाण्याची आमटी दोनदा मागून घेते. “एकादशी अन् दुप्पट खाशी” ही म्हण काही उगीच पडलेली नाही. शंका घ्यावी ती तेव्हा, जेव्हा घरात दुसरे कोणी करीत नाही असे उपवास मुलगी एकामागून एक वाढवीत जाते, फराळाचेही नको म्हणते, उपवास सोडण्याची वेळ आली की अस्वस्थ होते, आणि सोमवार संपला तरी सोमवार संपत नाही. अशा मुलीचे सर्वांसमोर कौतुक झाले तर तिच्या आजाराला आपणच शाबासकी दिली असे होईल.

तिसरी गोष्ट शाळा व घर ह्यांच्यामधील फटीची आहे. दुपारच्या आहाराच्या वेळी मूल सांगते, “बाई, मी घरून जेवून आले.” संध्याकाळी घरी आई ताट करते तेव्हा तेच मूल म्हणते, “शाळेत पोटभर जेवले.” दोघांनाही ते खरे वाटते, कारण दोघांनाही दुसऱ्या ठिकाणचे दिसत नाही. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्याला प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत सुमारे ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असलेले एक जेवण मिळावयाचे असते. ते जेवण महिनोन्महिने चुकत असेल तर वाढत्या शरीरावर त्याचा परिणाम झाल्यावाचून राहत नाही. ही फट डॉक्टरला दिसणार नाही, सर्वेक्षणाला दिसणार नाही. ती दिसेल शिक्षकाला, आणि तीही आईशी दोन वाक्ये बोलल्यावरच.

आता आरोग्यपत्रकावरील आकड्यांकडे वळू. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय निघतो. समजा, बारा वर्षांच्या एका मुलीची उंची १४५ सेंटिमीटर व वजन ३८ किलो आहे. १.४५ चा वर्ग २.१०, ३८ भागिले २.१० म्हणजे सुमारे १८. दवाखान्याच्या भिंतीवर प्रौढांसाठी लावलेल्या तक्त्यात १८.५ च्या खाली ‘वजन कमी’ असे लिहिलेले असते. पण बारा वर्षांच्या मुलीचा १८ हा आकडा अगदी मध्यावरचा आहे. म्हणून मुलांसाठी प्रौढांचा तक्ता कदापि वापरू नये. आपल्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षे वयाचे वाढीचे सुधारित आलेख प्रसिद्ध केले आहेत. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर ह्यांचा त्या कामात प्रमुख वाटा होता. आरोग्य पथकाकडे हे आलेख मागावेत.

आता समजा, सहा महिन्यांनी त्याच मुलीची उंची १४६ व वजन ३३ किलो भरले. बीएमआय सुमारे १५.५ झाला. केवळ कृशतेची रेषा पाहणारा मनुष्य म्हणेल की, मुलगी अजून त्या रेषेच्या वरच आहे, तेव्हा चिंता नाही. येथेच मोठी चूक होते. बाराव्या वर्षी मुलीचे वजन वाढावयास हवे. ते नुसते थांबले तरी विचारपूस करावी, आणि पाच किलोंनी उतरले तर डॉक्टरांना दाखविल्यावाचून राहू नये. मुलगी आधी स्थूल असली व वजन उतरून आता ‘नीट’ दिसू लागली, तर घोटाळा आणखीच वाढतो. घरचे, शेजारचे, शाळेतले सगळेच तिला वाखाणतात, आणि आतून शरीर मात्र उपासमारीचेच असते. तेव्हा एका नोंदीला फारसा अर्थ नाही. दोन नोंदींमधील दिशेला अर्थ आहे. गेल्या वर्षीचे पत्रक कपाटातून काढून शेजारी ठेवण्याचे कष्ट घेतले, तर वजन घेण्याचा अर्धा दिवस सार्थकी लागेल.

स्थूल मुलांविषयीही थोडे लिहिणे अवश्य आहे. खेड्यातही आता दहा-पाच रुपयांची पाकिटे प्रत्येक दुकानात लटकत असतात व मैदाने ओस पडत आहेत. प्रमाणाबाहेर वजनाने पुढे मधुमेह व रक्तदाब ह्यांचा धोका वाढतो, हे खरेच आहे. परंतु वजन म्हणजे आरोग्य नव्हे, हे आपल्याच जिल्ह्यांजवळच्या खेड्यांनी शिकविले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा व बाळांचा अभ्यास केला. ही बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने पुष्कळच कमी भरत. तरी त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने कमी नव्हती, स्नायू मात्र फार कमी होते. म्हणजे काडीसारखा दिसणारा देहही पुढे मधुमेहाला बळी पडू शकतो, आणि बाळसेदार मूल निरोगी असू शकते. नुसत्या डोळ्यांनी पाहून निकाल देण्याची सवय सोडावयास हवी.

स्थूल मुलाला चिडवून किंवा उपाशी ठेवून ते बारीक होत नाही. मिनेसोटा विद्यापीठानेच १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हजारो शाळकरी मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. ज्या मुलांनी वजन उतरविण्यासाठी अन्न तोडले त्यांचे वजन पाच वर्षांनंतर इतरांपेक्षा अधिकच वाढलेले आढळले, आणि आवर न राहून खाण्याची सवयही त्यांच्यात अधिक दिसली. वाढत्या वयात बहुधा वजन उतरविण्याची गरज नसते; वजन थोडे स्थिर राहून उंची वाढू दिली की पुरते. त्यासाठी साऱ्या घराचे जेवण व साऱ्या वर्गाचा खेळ सुधारावा, एकट्या मुलाला बाजूला काढू नये. आहाराच्या रांगेत “तुला कमीच बरे” असे म्हणून कोणाचा भात कमी करणे ही तर निव्वळ क्रूरता होय.

मुलग्यांचा भाग निराळा आहे. त्यांना बहुधा बारीक व्हावयाचे नसते. त्यांना छाती-दंड कमवावयाचे असतात, भरतीच्या मापात बसावयाचे असते, किंवा कुस्ती-कबड्डीच्या वजनगटात उतरावयाचे असते. सामन्याच्या आदल्या दिवशी पाणी तोडून, घाम गाळून किलो-दोन किलो उतरविण्याचा प्रकार तालमीत नवा नाही व त्यात कोणाला काही वावगेही वाटत नाही. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस अशाच रीतीने वजन उतरविताना महाविद्यालयांचे तीन कुस्तीगीर सुमारे महिनाभरात मरण पावले, आणि नंतर तेथे वजन घेण्याचे नियम बदलावे लागले. तालुक्याच्या सामन्यासाठी सातवीच्या मुलाला पाणी तोडावयास लावणारा मार्गदर्शक त्याच वाटेने जात असतो. त्याला क्रीडाशिक्षकानेच थांबवावे.

शाळेत करावयाच्या गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत. वजनकाटा व्हरांड्यातून उचलून एखाद्या खोलीत ठेवावा, मुलांना एकेकटे आत बोलवावे, मुलींचे वजन शक्य तेथे शिक्षिकेने घ्यावे. आकडा मोठ्याने वाचू नये. मुलाला विचारावयाचा असेल तर त्याच्या कानी सांगावा. वजनांची यादी भिंतीवर लावू नये. दुसरी गोष्ट जिभेची आहे. जाड्या, ढोली, हत्ती ही नावे जितकी बोचतात तितकीच लुकडी, काडी, पाप्याचे पितर हीही बोचतात. मुले ती एकमेकांना देतात तेव्हा आपण रागावतो; पण पुष्कळदा पहिले नाव गुरुजींच्या विनोदातून निघालेले असते आणि ते मुलाला गाव सोडीपर्यंत चिकटते. शरीरावरचा विनोद वर्गातून कायमचा काढून टाकावा. स्नेहसंमेलनात राक्षसाचे काम नेहमी जाड मुलालाच का, हाही विचार करून पाहावा. आरोग्याच्या पाठात अमुक पदार्थ वाईट व तमुक पापाचा असे सांगू नये. उष्मांक मोजावयास शिकवू नये. आणि ह्या आजाराची हकिकत सांगताना मुले काय काय युक्त्या करतात ह्याचे वर्णन तर मुळीच करू नये, कारण ऐकणाऱ्यांत एखादे मूल त्या शोधीतच असते.

मूल नजरेत आले तर प्रथम आईशी एकांतात बोलावे, आणि वजनापासून नव्हे, जे डोळ्यांनी पाहिले तेथून सुरुवात करावी. “ताई, दोन महिने झाले, ती शाळेत ताट घेत नाही, मला वाटले घरून जेवून येते. सकाळी काय खाऊन निघते ती?” एवढे पुरे. आई बहुधा दचकते, आणि मग दोघींना मिळून हिशोब लागतो. “मुलगी सडसडीतच बरी, पुढे लग्नाला अडचण नको,” असे कोणी म्हणाले तर वाद घालू नये. तिला चक्कर येते का, पाळी आली होती ती थांबली का, केस गळतात का, हे विचारावे. कोणी दृष्ट लागली म्हणेल. दृष्ट काढू द्यावी व त्याच दिवशी दवाखान्यातही न्यावयास सांगावे. मुलाशी बोलताना “खात का नाहीस?” असा जाब विचारू नये. “बाळ, तू अलीकडे दमलेली दिसतेस, मला काळजी वाटते,” असे म्हणून थांबावे. उत्तर त्या दिवशी मिळणार नाही. कदाचित पुढच्या आठवड्यात मिळेल.

पुढचे निदान शिक्षकाने करू नये. वजन उतरण्यामागे क्षयरोग असू शकतो, थायरॉइडचा विकार असू शकतो. फार तहान, फार लघवी व भरपूर खाऊनही झिजणे हे लहान वयातील मधुमेहाचे लक्षण असते व त्यात दिवसही दवडता येत नाही. हे सारे प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात तपासले जाते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा अशा मुलाचे नाव मुद्दाम सांगावे. पण पथकाची वाट पाहत बसू नये. मूल बेशुद्ध पडले, छातीत धडधडते म्हणाले, नाडी फार मंद लागली, वारंवार उलट्या होत आहेत किंवा अन्नपाणी अजिबात बंद झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वारंवारच्या उलट्यांनी रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. जगण्यात अर्थ नाही असे बोलणाऱ्या मुलाला एकटे सोडू नये. टेलि-मानस ह्या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ हा असून तो विनामूल्य आहे व मराठीतही बोलता येते. आणखी एक: फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलाला प्रेमाने एकदम भरपेट खाऊ घालू नये. उपाशी शरीरात अन्न अचानक गेले की रक्तातील क्षारांचे प्रमाण कोसळून जीवावर बेतू शकते. किती व कसे वाढवावयाचे ते डॉक्टर सांगतील.

ह्या आजारातून मुले बरी होतात, आणि लवकर ओळखले तर अधिक बरी होतात. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात घडविलेल्या पद्धतीत दोष कोणाचा हे शोधीत न बसता आईवडिलांनाच मुलाच्या जेवणाची सूत्रे हाती घ्यावयास शिकवितात. कुमारवयात ही पद्धत गुणकारी ठरली आहे. रोज तीन वेळा ताटासमोर बसून, रडणे-ओरडणे सोसून, शेवटचा घास होईपर्यंत उठावयाचे नाही, असे हे काम कित्येक महिने चालते. शेतीच्या हंगामात ते घराला किती जड जाते हे शिक्षकाला सांगावयास नको. शाळेतील दुपारचे एक जेवण आपल्या देखरेखीखाली होईल, एवढी हमी शिक्षकाने दिली तर त्या आईचा एकतृतीयांश भार उतरतो.

मूल उपचार घेऊन वर्गात परतते तेव्हा चाचणीची व गृहपाठाची सक्ती काही दिवस ढिली ठेवावी. कवायत व धावणे डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत बंद ठेवावे, पण मूल एकटे बसणार नाही असे काहीतरी काम, गुण मोजण्याचे वा शिट्टी वाजविण्याचे, त्याला द्यावे. वर्गातील मुलांना आधी सांगून ठेवावे की, परतलेल्या मैत्रिणीच्या दिसण्याविषयी काहीच बोलावयाचे नाही, चांगलेही नाही. आपल्या भाषेत “तब्येत सुधारली” ह्याचा अर्थ वजन वाढले असाच होतो, आणि जिने महिनाभर घासाघासाशी झुंज देऊन ते वाढविले आहे, तिला तो शब्द कौतुकाचा वाटत नाही. “तू आलीस, बरे झाले, तुझी जागा धरून ठेवली होती,” एवढे म्हटले की पुरे. त्या वर्षी तिचे वजन शाळेत घेऊ नये. ते रुग्णालयात घेतले जात असते. आरोग्यपत्रकाच्या त्या रकान्यात ‘वैद्यकीय देखरेखीखाली’ असे लिहून पुढच्या नावाकडे वळावे.